नेरेइदाला हवा असलेला वाटा

चौकातली सहाही दुकानं एकाच बॅटरीवर चालायची. पण नेरेइदाची खात्री होती, की ती बॅटरी मिग्दालियाला फितूर आहे.

मिग्दालिया समोरची पाववाली, नेरेइदा सलूनवाली. पोर्तो रिकोच्या डोंगरात सरकारी लाइन गेली, की छपरांवरच्या सोलर पॅनेलांची वीज दुकानांत वाटली जायची. मिग्दालियाचा वाटा सगळ्यांत मोठा.

"तिचं म्हणे कणीक मळायचं यंत्र आहे!" नेरेइदा हुबेहूब मिग्दालियासारखी मान वेळावून गिऱ्हाइकांना सांगायची. "आणि मी काय फुंकर मारून केस वाळवू?"

वादळात लाइन पुन्हा गेली. वाटणी बघणारे औषधवाले एलिएसेरकाका म्हणाले, "या आठवड्यात ज्याचा जेवढा वापर, तेवढा त्याचा पुढचा वाटा."

झालं! नेरेइदाचे दोन्ही ड्रायर दिवसभर रिकाम्या खुर्च्यांवर घोंघावू लागले.

"काय गं, भुतांचं लग्न आहे का?" समोरून मिग्दालिया ओरडली.

"तू तुझी कणीक बघ!"

शनिवारी खरीखुरी नवरी आली, दामारिस. संध्याकाळी लग्न, डोकंभर ओले रोलर, आणि बाहेर आभाळ भरून आलेलं. ड्रायरने उसासा टाकला आणि गप्प झाला. बॅटरीतली वाटायची वीज संपली होती. चालू राहिला तो फक्त काकांच्या दुकानातला इन्सुलिनचा फ्रिज. त्याच्या विजेला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं.

"मावशी, माझं लग्न!" दामारिस रडकुंडीला आली.

काका धावत आले. "बाई, एवढे दिवस इथे कुणाची डोकी वाळत होती?"

नेरेइदा कंगवा पुसत बसली.

तेवढ्यात मिग्दालिया दारात. "आण पोरीला माझ्याकडे. भट्टी गॅसची आहे."

"गॅसची? मग एवढी वीज कशाला लागते गं तुला?"

"मळायला. तेही पहाटे. दुपारी माझं यंत्र झोपलेलं असतं."

दामारिस भट्टीसमोर बसली. कुरळ्या बटा अशा सुरेख उतरल्या, की बघायला आलेल्या बायका मिग्दालियाचंच कौतुक करू लागल्या. नेरेइदाच्या पोटात भट्टीपेक्षा जास्त जळत होतं.

काकांनी डोकं खाजवलं. "नुसता वापर मोजून नाही चालायचं. पहाटेची वीज मिग्दालियाला. ऊन असेल तेव्हा नेरेइदाला, सगळ्यांत मोठा वाटा. ढग आले तर मात्र आधी मला विचारायचं."

सगळ्यांत मोठा! नेरेइदाने चटकन मिग्दालियाकडे पाहिलं. आता उतरेल हिचं तोंड.

"घे की बाई, मला काय करायचाय?" मिग्दालिया म्हणाली आणि तिने दामारिसच्या हातात साखर भुरभुरलेला गरम पाव ठेवला.

नेरेइदाला आपला वाटा एकदम पाणचट वाटला.

"काका," ती म्हणाली, "मला पहाटेचीही थोडी द्या."

"पहाटे कोण येतं केस वाळवायला?"

"ते माझं मी बघते!"