शपथ न घेणारे मास्तर

आमच्या इतिहासाच्या मास्तरांइतका हट्टी माणूस तापीच्या दोन्ही काठांवर झाला नाही, आणि झाला असेल तर त्याचंही मास्तरांशी भांडण झालं असणार. इंग्रज सरकारनं नेमलेल्या पुस्तकात युरोपातल्या जुन्या ख्रिस्ती पाखंड्यांना, म्हणजे कॅथर लोकांना, जेमतेम दोन ओळी होत्या. मास्तरांनी त्या दोन ओळी दिवाळीपासून होळीपर्यंत शिकवल्या. राजे, लढाया, तह सगळे वर्गाबाहेर ताटकळत राहिले.

त्या लोकांचं म्हणणं असं की देव दोन. चांगल्यानं आत्मा केला. वाइटानं, म्हणजे सैतानानं, हे जग केलं, हा देह केला आणि जिभेला आवडणारं सगळं केलं. ‘मग मावा जिलबी कोणी केली, मास्तर?’ असं आम्ही मुद्दाम विचारायचो, कारण बुधवारा पेठेतल्या मिठाईच्या दुकानासमोर मास्तर रोज सापडत. ‘त्याबाबत जाणकारांत मतभेद आहेत,’ एवढं बोलून ते बोटांचा पाक धोतराला पुसायचे. हे मत बल्गेरियातून निघून इटलीमार्गे फ्रान्सच्या दक्षिणेला कसं पोचलं, हे सांगताना मात्र खुर्ची सोडून उभे राहत. ‘फौजेनं नाही नेलं रे! व्यापाऱ्यांनी नेलं, विणकरांनी नेलं. मागावर बसलेला बोलतो, शेजारचा ऐकतो.’ वर्गातली निम्मी पोरं विणकरांच्या घरची; ती ताठ होऊन बसायची. ‘पोपनं त्यांना जिवंत जाळलं. पण केळीचं खोड कापलं म्हणून केळ संपते का? बाजूनं पिलं येतातच!’

या पाखंड्यांची एक गोष्ट मास्तरांनी अंगीच बाणवली होती: शपथ घ्यायची नाही. आमच्याकडे तापीमाईची आण घेतल्याशिवाय कोणी वांग्याचा भावही सांगत नाही. मास्तर कडाडायचे, ‘नदीला तुझी साक्ष देण्याशिवाय दुसरा धंदा नाही का?’ घरी त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, ‘माझ्या गळ्याची शपथ आहे, ती जिलबी बंद करा.’ मास्तर त्यांनाही बल्गेरियापासून इतिहास ऐकवत, आणि जिलबी चालूच.

पुढे महायुद्धाच्या दिवसांत हुकूम आला. प्रत्येक मास्तरानं हात वर करून सरकारनिष्ठेची शपथ घ्यावी, नाहीतर नोकरी सोडावी. शाळेचे सेक्रेटरी तसे भले गृहस्थ, पण भित्रे. ‘मास्टरसाब, दोन शब्द बोलून टाका ना. घर चालू राहील.’

‘शपथ खोटं बोलणाऱ्याला लागते. माझं हो म्हणजे हो,’ मास्तर म्हणाले. ‘आणि माझं नाही म्हणजे नाही.’

मग सेक्रेटरी चौकशीला वर्गात आले. त्यांनी नेमकं आमच्यातल्या भिकाला उठवलं, जो दिवसभर आणाभाका घेत हिंडायचा. ‘बोल, तापीमाईची आण घेऊन सांग, मास्टर काय शिकवतात?’

भिकानं एकदा आमच्याकडे पाहिलं. ‘आण नाही घेणार जी. खरंच सांगतो ना. हे सगळं जग ज्याच्या ताब्यात आहे तो सैतान आहे, असं शिकवतात.’

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. जग कोणाच्या ताब्यात आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी मास्तरांची नोकरी गेली. रडवेल्या भिकाला त्यांनी दुकानात नेलं आणि पोटभर जिलबी खाऊ घातली. ‘पिलू आलं रे!’ असं ते दुकानदाराला सांगत होते.

मग ते नदीपलीकडे जैनाबादला राहायला गेले. ओट्यावर शिकवायचे, आम्ही नावेतून जायचो. त्यांच्या शेवटच्या आजारात औषधाला हात लावेनात. ‘सैतानानं केलेल्या देहाला काढे कशाला?’ एकदा आमच्यादेखत काकू वाटी घेऊन उभ्या राहिल्या. ‘माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.’ आता बल्गेरिया निघणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. मास्तर उशीला टेकून उठून बसले.

‘शपथ मी मानत नाही,’ ते म्हणाले. ‘पण वाटी इकडे दे.’

त्या औषधाचा गुण आला नाही. मास्तर गेले. काकू मात्र पुढे कितीतरी वर्षं येईल त्याला सांगायच्या, ‘माझं ऐकलं हो त्यांनी.’ शपथ न घेता सांगायच्या.