डाव्या हाताची धार

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरला माहेरी कांदा चिरत होते. त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे आईला जरा उशिराच कळलं. आबा म्हणजे माझे सासरे. राहुरीच्या अलीकडे त्यांची छोटी रोपवाटिका, आणि आंब्याची कलमं बांधण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. कोपरीच्या खिशात कलमाचा चाकू आणि बोटाएवढा काळपट दगड कायम असायचा. चहा येईपर्यंत, एसटी येईपर्यंत, पाहुण्यांचं बोलणं संपेपर्यंत… जरा सवड मिळाली की दगडावर पाण्याचे थेंब टाकायचे, पातं डाव्या हातात स्थिर धरायचे आणि दगड त्यावरून अलगद फिरवायचे. धार आली की नाही, हे मनगटावरच्या केसांवर पाहायचे. त्यामुळे त्यांचा डावा हात नेहमी तुळतुळीत असे, आणि त्यावरून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे.

मी डावखुरी. माहेरी ते कुणाच्या लक्षातही येत नसे. सासरी मात्र सासूबाईंच्या डोळ्यांत लगेच खुपलं. "डाव्या हाताचं बरं न्हाई बाई, उजव्यानं चिर." उजव्यानं चिरायला गेले की बोट कापायचं. कुणी नसताना गुपचूप डाव्यानं चिरावं, तर काकडीच्या चकत्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारख्या. आपला हातच वाईट, असं मला खरंच वाटायला लागलं. पाहुणे आले की मी भाजी निवडायला बसायचे, चिरायला नाही. आपल्याच घरात असं अंग चोरून राहायचं म्हणजे नको वाटतं.

एकदा जेवताना आबांनी ताटातली चकती उचलून उजेडात धरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण झाल्यावर ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "सूनबाई, हात न्हाई चुकत तुजा. धार चुकतीय." मग त्यांनी नीट समजावलं. कलमाच्या चाकूला एकाच अंगानं धार लावतात, दुसरं अंग सपाट ठेवतात. म्हणजे फांदीवर काप सरळ बसतो. पण तो सरळ बसतो उजव्या हाताला. त्याच सवयीनं आबा घरातल्या सुऱ्याही एकाच अंगानं घासत आले होते. डाव्या हातात त्या तिरक्या पळणारच!

त्यांनी एक सुरी वेगळी काढली, मुठीला तांबडा दोरा गुंडाळला आणि दुसऱ्या अंगानं घासायला बसले. आयुष्यभराच्या हाताला ते जमेना. दगड घसरला, अंगठ्याला चिंधी बांधावी लागली. सासूबाई कावल्या. "ह्या वयात कशाला उलटं शिकताय? तिलाच सांगा की उजव्यानं करायला!"

आबांनी दगडावरची नजरही काढली नाही. "तिला हात बदलाय लावन्यापरीस मी माजा बदलतो. मला कुठं घाई हाय?"

त्या सुरीनं पहिला टोमॅटो चिरला तेव्हा मी अक्षरशः हसत सुटले होते. पुढं कलमांच्या ऐन गडबडीतही आबांनी ती सुरी कधी बोथट होऊ दिली नाही. बाकीच्यांच्या हातात ती तिरकी जायची, ते कुरकुरायचे, आणि मला मनातून गुदगुल्या व्हायच्या. इतका विचार माझ्या जन्मदात्यांनीही केला नव्हता, हे मला आज मोकळेपणानं लिहायचं आहे. सासूबाईही हळूहळू बोलायच्या थांबल्या. मात्र देवाचा नैवेद्य आणि पितरांचं पान, तेवढ्याची भाजी त्या स्वतः चिरत. मीही कधी वाद घातला नाही.

आबा गेल्यावर सुरी बोथट झाली. माझ्या नवऱ्यानं चांगल्या मनानं ती आठवडे बाजारात चाकावर धार लावणाऱ्याकडून घासून आणली. लखलखीत, दोन्ही अंगांनी सारखी! आबांची धार पार गेली होती. मी ओट्याशी उभी राहून हमसून हमसून रडले, आणि नवऱ्याला आपलं काय चुकलं ते कळेना.

सासूबाई आत गेल्या. घडी करून ठेवलेल्या कोपरीतून त्यांनी आबांचा दगड काढला, मोरीपाशी बसल्या आणि सुरी घासायला लागल्या. थेट आबांसारखं पातं धरून, उलट्या अंगानं. मी बघतच राहिले.

"आत्या, तुम्हाला येतं हे?"

"मग? इतकी वर्सं त्यांच्या शेजारी बसून काय भिताड बघत हुते व्हय?"

बराच वेळ घासून झाल्यावर त्यांनी सुरी पुसून माझ्यापुढे ठेवली आणि तांबडा भोपळा माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी आबांचं महिन्याचं पान होतं.

"ह्यो तूच चिर."

"पानाचा? डाव्या हातानं?"

"लगीन हून आलीस तवापास्नं तुज्याच हातचं खाल्लं त्यांनी. आता काय येगळ्या हातचं वाढून उपाशी ठिवू त्यांना?"

मी डोळे पुसले आणि भोपळा जवळ ओढला.