हातगाडीखालचे पाय

माझ्या बायकोच्या मावशींच्या नजरेतून आजवर एकही माणूस सुटलेला नाही. मग तो चारकोपचा असो की ब्राझीलचा. चारकोपच्या माणसांवर त्या खिडकीतून लक्ष ठेवतात आणि ब्राझीलच्या माणसांवर ठेवायच्या मोबाइलमधून. या दुसऱ्या कामाचे त्यांना पैसेही मिळत. फोनवर कुठल्याकुठल्या देशांतल्या रस्त्यांचे फोटो यायचे, त्यात माणूस दिसेल तिथे बोटाने चौकट ओढायची. देशोदेशीचे लोक घरबसल्या हेच करतात आणि त्या चौकटी बघून म्हणे बिनड्रायव्हरच्या गाड्या माणूस ओळखायला शिकतात. एका फोटोच्या मोबदल्यात कोथिंबिरीची काडीही आली नसती, पण मावशी कामाला बसायच्या त्या बाहेरची साडी नेसून. मसाल्याच्या डब्याला फोन टेकवलेला, नाकावर चष्मा आणि हातात भिंग. इतर लोक चार-सहा सेकंदांत फोटो उरकत असतील. मावशींना आधी विचारपूस करायची असे. "बाय, पोराचो हात धर गो," असं एका परदेशी बाईला बजावून मगच त्यांनी मायलेकांना चौकट घातली. कुत्र्यांना चौकट घालायची नाही हा नियम कळल्यावर त्यांनी दोन दिवस कंपनीशी अबोला धरला होता. कंपनीला अर्थात याचा पत्ता नव्हता.

मला हसू यायचं, पण कौतुक त्याहून जास्त वाटायचं. गिरणीत जाणाऱ्या नवऱ्याचे डबे भरण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. तुम्हाला काय दिसतं, असं त्यांना विचारणारा हा फोनच पहिला.

एकच फोटो पाच जणांकडे जातो आणि जास्त जण म्हणतील ते खरं, ही तिथली रीत. मावशींना इतरांपेक्षा जास्त दिसायचं, म्हणून त्यांचेच गुण कापले जात. शेवटी ताकीद आली: आणखी एक उत्तर चुकलं तर खातं बंद. त्याच दिवशी एक फोटो आला, जो चौघांकडून आधीच 'माणूस नाही' असा शेरा घेऊन आला होता. त्यात नुसती फळांची हातगाडी होती. मावशींनी मला बोलावून भिंग हातात दिलं. गाडीच्या चाकामागे दोन चपला होत्या, आणि चपलांत टाचा.

"तुमका दिसतत मा पाय, जावयबापू?"

"दिसतात हो. पण मावशी, 'नाही' म्हणा आणि मोकळ्या व्हा. काम जाईल."

"चौघांक दिसूक नाय म्हणान तो माणूस नाय? उद्या ती बिनड्रायव्हरची गाडी तेच्याच अंगावर जातली!"

आणि त्यांनी सावकाश, चारही कोपरे जुळवून चौकट ओढली. संध्याकाळच्या आत खातं बंद झालं. मी तक्रार पाठवली. उत्तर आलं नाही.

परवा गेलो तेव्हा मावशी घरच्या साडीत बसून भिंगाने तांदूळ निवडत होत्या. मी विषय टाळला, त्यांनीच काढला. "काम गेला तेचा काय नाय ओ. पण तेच्या पायांकडे आता कोण बघतलो?"

मी चपला घातल्या. खाली उतरलो, उभ्या टेम्पोमागून रस्ता ओलांडायला निघालो आणि सहज वर पाहिलं. मावशी खिडकीत होत्या, भिंग डोळ्याला लावून. खरं सांगतो, फार बरं वाटलं.