करण्याआधी केलेली खूण

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यासमोर नाही, बहिणीसमोर नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हाही भित्रेपणाच, नाही का?

मी यादी करणारी बाई आहे. चहाआधी दिवसाची यादी, काम झालं की पुढे बरोबरची खूण. नगरला आमचं लहानसं ऑफिस आहे. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या बायकांकडून तांदूळ, नाचणी, खुरासणीचं तेल घ्यायचं आणि ऑनलाइन दुकानातून लोकांना पाठवायचं. दुकानाची वेबसाइट माझ्याकडे. "यादीताईंनी खूण केली म्हणजे सूर्य उगवला समजा, खिडकी उघडून बघू नका," असं आमचे मालक, भाऊ, सगळ्यांसमोर म्हणायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

पलीकडच्या टेबलावर नसीम बसायची. माझ्याच वयाची. चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकली. "ताई, हा उंदीर लई पळतोय हो," म्हणत माऊस धरायची आणि आम्हाला हसवायची. ग्राहकांचे फोन घेणं, त्यांना मेसेज पाठवणं हे तिचं काम. तिच्या स्क्रीनवर मेसेजची तयार बटणं होती. "ऑर्डर निघाली" आणि त्याला अगदी चिकटून "ऑर्डर रद्द".

चार वर्षं झाली. दिवाळी तोंडावर होती आणि भाऊंना दुकानाचं रूप बदलून हवं होतं. चालू दुकानाला हात लावायचा नसतो. आधी त्याची नक्कल आपल्या लॅपटॉपवर उतरवायची, तिथे हवी ती मोडतोड करायची. फोटो, पानं पटकन उतरली. राहिला डेटाबेस — दुकान सुरू झाल्यापासूनची प्रत्येक ऑर्डर, प्रत्येक ग्राहकाचं नाव आणि नंबर, सगळं एकाच अगडबंब फाइलमध्ये. इम्पोर्ट करायला, म्हणजे लॅपटॉपवर चढवायला घेतली तर फाइल फार मोठी म्हणून नकार. मर्यादा वाढवली, तर अर्ध्यावर बंद. दोन दिवस असेच गेले. शेवटी फाइलचे तुकडे केले. आधी माल, मग ग्राहक, मग ऑर्डरी. आणि ऑर्डरींचा तुकडा काही केल्या संपेना.

यादी समोर होती. सातवं काम — "नकलेतून मेसेज जाणं बंद करणे." ते मीच लिहिलं होतं. कारण नकलेला आपण नक्कल आहोत हे कळत नाही. नंबर खरे असतात, मेसेज पाठवायची सोयही खरी असते.

आता ऐका. रिकामं बसवत नाही म्हणून मी पुढच्या कामांपुढे आधीच खुणा करून टाकते. करणारच आहे ना, मग? आयुष्यभर हेच करत आलेय, कुणाला माहीत नाही. त्या दुपारीही केल्या. सात, आठ. मग इम्पोर्ट संपला, मी यादीकडे पाहिलं — सगळं झालेलं — आणि नक्कल उघडली.

आमच्या दुकानाचा नियम होता, दोन दिवसांत पक्की न झालेली ऑर्डर आपोआप रद्द होते आणि ग्राहकाला तसा मेसेज जातो. नक्कल तीन दिवसांपूर्वीची. तेव्हा कच्च्या असलेल्या ऑर्डरी खऱ्या दुकानात एव्हाना पक्क्या झाल्या होत्या, काही तर निघाल्याही होत्या. नकलेला ते काय माहीत? तिने एका झटक्यात एकशे बारा जणांना कळवून टाकलं — तुमची ऑर्डर रद्द.

नसीमचा फोन वाजायला लागला. मग भाऊंचा. दिवाळीच्या तोंडावर लोक काय काय बोलले असतील, तुम्हीच विचार करा. भाऊ बाहेर आले. नसीम त्या दुपारी एका बटणात शेकडो जणांना "ऑर्डर निघाली"चे मेसेज पाठवत होती. त्यांनी दोन्ही बटणं पाहिली आणि त्यांचं ठरलं.

"न्हाई हो भाऊ, मी नाही दाबलं. आईच्यान!"

भाऊ माझ्याकडे वळले. "यादीताई, तुमच्याकडून काही?"

मला तोपर्यंत कळलं होतं. पहिला फोन आला तेव्हाच. मी यादी उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी सातव्या कामापुढची खूण पाहिली आणि मान हलवली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ… नाही. नसीम माझ्याजवळ आली. "ताई, तुमाला कळतं यातलं. बघा ना, कुठून गेले मेसेज?" आणि मी बघितलं! अर्धा तास तिला शेजारी बसवून उगाच पानं उघडली, मिटली, भुवया आवळल्या. कुठून गेले ते दिसत होतं. पहिल्याच पानावर दिसत होतं. मी म्हटलं, "काही कळत नाही गं."

ती पाणी प्यायला उठली तेवढ्यात मी नक्कल पुसली. जे उतरवायला तीन दिवस लागले, ते पुसायला एक क्षणही लागला नाही. तेव्हा मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत नसीमचं मन फिरलं. "माझ्याच हातून झालं असेल, ताई. बटणं कसली जवळजवळ हायत." न केलेलं तिने कबूल केलं. मग एकेका ग्राहकाला फोन लावून माफी मागितली. चूक माझी, माफी तिची, आणि मी पलीकडच्या टेबलावर बसून ते ऐकत होते. निघताना ती मला म्हणाली, "तुमी तरी बघितलं माझ्यासाठी." मी म्हटलं, "अगं, त्यात काय."

त्यात काय! हे दोन शब्द आठवले की मला माझ्या तोंडाची किळस येते.

तिला काढलं नाही. पॅकिंगला टाकलं. फोन गेला, कॉम्प्युटर गेला. उंदराचा विनोद मी नंतर कधी ऐकला नाही. भाऊ दर दिवाळीला नव्या माणसांना तिची गोष्ट सांगतात, नाव न घेता, पण तिच्यासमोर. मी तेव्हा हसते. सगळे हसतात म्हणून.

मागच्या महिन्यात पॅकिंगला पत्त्याच्या पट्ट्या छापायचं मशीन आलं. एकच बटण. मी तिला म्हटलं, "नसीम, तू दाब." तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको ताई, तुमीच दाबा. माझा हात चांगला नाही."

तिच्या हाताला काही झालेलं नाही. त्या दुपारीही तिने योग्य तेच बटण दाबलं होतं.

मी पुढे झाले आणि मशीनचं बटण दाबलं.