आईची कॉलेज रोडवरची पहिली फेरी

तव्यावर लोणी चरचरलं की मला नव्वदच्या दशकातली कॉलेज रोडवरची एक संध्याकाळ आठवते. आई चाळिशीत स्कूटर शिकली होती आणि पहिल्यांदाच बाबांना मागे बसवून, मला पुढे उभं करून पावभाजी खायला निघाली होती. दुकानांच्या झगमगाटात, ऐन गर्दीत सिग्नलला स्कूटर बंद पडली. मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला. "उतर, तुला नाही जमायचं," बाबा म्हणाले. "तुम्ही गप्प बसा हो!" म्हणत आईनं दातओठ खाऊन किक मारली. दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली आणि तिनं ती थेट पावभाजीच्या हातगाडीसमोर नेऊन उभी केली. "पहिली प्लेट हिला द्या," बाबा गाडीवाल्याला म्हणाले, "आम्हाला हिनं आणलंय." परतताना ते आपणहून मागे बसले. आज मी त्याच रस्त्यावर कार चालवते, पण तिच्यासारखा रुबाब मला अजून जमलेला नाही.