कोर्टाच्या रकान्यात हैदराबाद

परवा व्हिडिओ कॉलवर थोरलीने विचारलं, "आजी, सगळं ऑनलाइन मिळतं, मग कोर्टाच्या लायब्ररीत तू अजून काय करतेस?" मी तोंड उघडायच्या आत धाकट्याने उत्तर देऊन टाकलं, "वायफायचा पासवर्ड सांगते."

तेही करते. पण प्रश्न रास्त होता, म्हणून एका दिवसाचं काम लिहून पाठवते आहे.

मी कलबुर्गीत वकिलांच्या ग्रंथालयात लागले तेव्हा माझी मुख्य हत्यारं कात्री आणि डिंक ही होती. कायद्यात दुरुस्ती झाली की छापील चिठ्ठ्या यायच्या. त्या कापून मूळ कलमाशेजारी चिकटवायच्या. पुढे निकालांच्या सीडी आल्या, मग सगळं इंटरनेटवर गेलं. कोणती सेवा घ्यायची, ती कशी वापरायची, वकिलांना कशी शिकवायची हे माझ्याकडे आलं, कारण बाकी कोणालाच ते हवं नव्हतं. आता निवृत्त आहे, तरी आठवड्यातून तीन दिवस जाते. सॉफ्टवेअर दरवर्षी बदलतं आणि वकिलांच्या सवयी बदलत नाहीत.

त्या दिवशी, तुरी पिकल्या होत्या तेव्हाची गोष्ट, भालकीकडची एक तरुण वकीलबाई सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसली होती. तिची अशील मागच्या बाकावर, मांडीवर जेवणाचा डबा धरून. साठीची शेतकरी बाई, कमलनगरजवळच्या एका गावची. त्यांचं प्रकरण सांगायला सोपं आहे. तिच्या नवऱ्याचा आजा दुसऱ्याच्या जमिनीत कूळ होता, म्हणजे जमीन मालकाची, कसणारा हा. हैदराबाद संस्थान गेल्यावर झालेल्या कायद्याने अशा कुळांना संरक्षण मिळालं. आता मालकाचा नातू म्हणत होता की ते संरक्षण आज्याबरोबर संपलं, वारसांना नाही. खालच्या कचेरीने त्याच्या बाजूने निकाल दिला होता. आमच्या कोर्टाने त्यावर तात्पुरती स्थगिती दिली होती आणि ती उठवावी, असा त्याचा अर्ज जेवणाच्या सुट्टीनंतर चालणार होता. स्थगिती उठली तर तो दुसऱ्याच दिवशी रानात शिरणार होता. आणि रानात काढणीला आलेली तूर उभी होती.

"मॅडम, काहीच न्हाई हो," वकीलबाई म्हणाली. "वारसांबद्दल एकसुद्धा निकाल न्हाई. सगळे शब्द टाकून बघितले."

मी स्क्रीन पाहिली. शब्द बरोबर होते. वर कोर्टाच्या रकान्यात 'कर्नाटक' निवडलेलं होतं.

इथे तुम्हाला थोडा भूगोल सांगावा लागेल. तुमच्या पणजोबांच्या काळी बीदर, कलबुर्गी, लातूर, उदगीर, सगळं एकाच संस्थानात होतं आणि वरचं कोर्ट हैदराबादला. पुढे भाषेप्रमाणे राज्यं झाली आणि संस्थानाचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले. आमच्या जमिनींवरचे त्याआधीचे निकाल मात्र हैदराबादच्या नावावरच राहिले. ज्या मुलांनी दूरच्या शहरात बसून हे सॉफ्टवेअर केलं, त्यांनी ते हैदराबादच्या रकान्यात ठेवले. तेही बरोबरच आहे. बंगळूरकडच्या वकिलाला याने काही फरक पडत नाही. आमच्याकडचा वकील मात्र स्वतःला कर्नाटकातला समजून शोधतो आणि त्याच्या स्वतःच्या गावचा कायदा त्याला सापडत नाही.

"रकाना बदल," मी म्हटलं. "हैदराबाद कर."

"हैदराबाद? तिकडचं आपल्याला लागू होतं?"

"ही जमीन तेव्हा कुठल्या राज्यात होती?"

तिने रकाना बदलला. दुसऱ्याच पानावर निकाल मिळाला: संरक्षित कुळाचा हक्क वारसांकडे जातो. स्वच्छ दोन ओळी.

मागून अशील उठून माझ्याजवळ आली. "अक्का, काय बघायल्यात त्या? चांगलं हाय का वाईट?"

"चांगलं आहे," वकीलबाईच बोलली. "मॅडम, हे प्रिंट काढते."

"खालची यादी बघितलीस?"

प्रत्येक निकालाखाली सॉफ्टवेअर एक यादी देतं: या निकालाचा उल्लेख नंतर कोणत्या निकालांत झाला. घाईतला माणूस तिथपर्यंत जात नाही. माझी निम्मी शिकवणी त्या यादीवर खर्च होते. यादीत एकच नाव होतं, त्याच कोर्टाचा नंतरचा निकाल. तिने उघडला, वाचू लागली आणि तिचा चेहरा उतरला. त्यात एका कुळाच्या वारसांना जमीन नाकारली होती.

"हे नको छापायला, मॅडम. समोरच्यांना सापडलं तर सापडलं."

"छापायचं की नाही ते तू ठरव. पण पूर्ण वाचून ठरव."

तेवढ्यात समोरच्या बाजूचे वकील आले. ज्येष्ठ गृहस्थ. त्यांना मीच माऊस धरायला शिकवलं होतं आणि ते अजूनही तो इस्त्रीसारखा फिरवतात.

"काय मॅडम, आमच्याविरुद्ध काय शिजवायलात?"

"इथे शिजत नाही सर, वाढलं जातं. जो ताट मांडेल त्याला."

"मग आमचं पण ताट मांडा. हैदराबादचे जुने कुळाचे निकाल हवेत."

ते जुनं खोड, त्यांना रकाना ठाऊक होता. आमच्या ग्रंथालयाचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण मी तो मोडलेला नाही: दोन्ही बाजू एकाच खोलीत बसतात, दोघांना मदत करायची आणि एकाने काय काढलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवर जे मागितलं ते मी काढून दिलं. तो तोच दुसरा, वारसांना जमीन नाकारणारा निकाल होता. ते प्रिंट घेऊन गेले.

वकीलबाई हळूच म्हणाली, "सरांनी काय काढलं?"

"तुझं वाचून झालं का?" मी विचारलं.

तिला राग आला असावा. तिने खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. अर्ध्यावर थांबून ती मागे वळली.

"मावशी, तुमच्या आजेसासऱ्यानं मधी कवा जमीन सोडली होती का? दोन-चार वर्षं तरी?"

"सोडायला कामून जातोय त्यो? दुष्काळात बी न्हाई सोडली. लोक खडी फोडायला गेले, आमचे तिथंच राहिले. तलाठ्याच्या कागदात हाय की समदं."

"व्हय, हाय," असं म्हणत तिने फाइल ओढली. त्या दुसऱ्या निकालातल्या कुळाने जमीन आपणहून सोडली होती आणि वारस बऱ्याच वर्षांनी परत आले होते. फरक तो होता. तिने दोन्ही निकाल छापले.

कोर्टात मी गेले नाही. माझी जागा टेबलाशी. पुढचं ज्येष्ठ वकिलांकडूनच कळलं. संध्याकाळी चष्मा विसरला म्हणून ते आले होते. वकीलबाईने आधी आपल्या बाजूचा निकाल दाखवला आणि लगेच विरुद्धचाही, आणि तो इथे का लागत नाही हे तलाठ्याचे उतारे ठेवून सांगितलं. ते स्वतः बोलायला उठले तेव्हा त्यांच्या हातातला कागद न्यायाधीशांनी आधीच वाचलेला होता.

"माझा एकच बाण होता," ते म्हणाले, "तोही पोरीनंच मारून दाखवला. तुम्ही सांगितलंत का तिला?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणून ते चष्मा घेऊन गेले. विश्वास ठेवला असावा.

वकीलबाई अशिलाला घेऊन जिन्याशी उभी होती.

"जितलोत का आपण?" बाईंनी विचारलं.

"न्हाई मावशी. निकाल अजून लांब हाय. तोवर स्थगिती कायम. त्यांनी रानात यायचं न्हाई."

"तूर?"

"तुमचीच. काढा."

बाईंनी डबा वकीलबाईच्या हातात दिला, पदराच्या गाठीतून छोटा फोन काढला आणि लेकाला लावला. अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं. "झोपायलास काय रं? तूर काढायला बाया सांग उद्याच्याला. व्हय, उद्याच. मी रातीच्या गाडीनं येते."