न सुटणारा ओशटपणा

मटणाचं पातेलं घासताना आज पुन्हा हात ओशट झाले. गरम पाणी झालं, राख झाली, तरी चरबी आपली पातेल्याला धरून. खाणावळ चालवताना इतकी वर्षं मी तिला नुसत्या शिव्याच दिल्या.

मग इंजिनिअरिंगला असलेली माझी लेक रश्श्यावर गोठलेली चरबी डबा भरभरून न्यायला लागली. तिने त्या चरबीचं बायोडिझेल केलं, करंजाच्या तेलाचंही केलं. काल तिने मला प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. इंजिनाचे भाग किती झिजतील ते बघायला पोलादी चकतीवर घासलेले दोन छर्रे तिथे होते. साध्या डिझेलात घासलेल्यावर मोठा चट्टा पडला होता. दुसऱ्यावर जेमतेम ओरखडा.

"हा करंजाचा ना?" मी विचारलं.

"नाही गं आई, हा तुझ्या पातेल्यातला. हे डिझेल धातूला धरून बसतं. म्हणून लोखंडाला लोखंड लागत नाही."

तिचे सर शेजारीच उभे होते. माझ्या हातांना मटणाचा वास येत होता, पण मी ते पदराआड लपवले नाहीत.

एकमेकांना घासतच ज्यांना दिवस काढायचे, त्यांच्यामध्ये कुणीतरी असं चिवट बसलेलं असावं लागतं. हिच्या शिक्षणावरून बापलेकीत ठिणग्या उडायच्या, तेव्हा मीही मध्ये अशीच बसून राहिले होते. हलले नाही.

आजही चरबी काही केल्या सुटेना.

"नकोच सुटू," मी म्हटलं, आणि पातेल्यात आणखी गरम पाणी ओतलं.